जमिनीवरून पन्हाळ

मी एकतीस वर्षं विजेच्या खांबांवर चढलो आणि शेवटी नऊ फुटांच्या शिडीवरून पडलो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. भेटायला येणारी माणसं पीकपाणी, पोरांची लग्नं असं इकडचं तिकडचं बोलतात आणि मग माझ्या पायांवरच्या चादरीकडे पाहत गप्प होतात. कसं विचारावं ते त्यांना कळत नाही. मग मीच सांगतो. खांबावरून नाही पडलो. घरी पडलो, पन्हाळ साफ करताना.

मी लाइनमन होतो. पांढरकवड्यापासून जंगलाकडे जाणाऱ्या लाइनी, कोलाम आदिवासींचे पोड म्हणजे वस्त्या, सागवनातून गेलेल्या तारा, हा सगळा माझा भाग. वादळात तारेवर फांदी पडली की पाच-सहा गावं अंधारात जायची आणि मग पावसात, चिखलात खांब शोधत हिंडायचं. या कामात माझे दोन सोबती गेले. एकाला तर खांबावरून मीच खाली घेतलं. त्यामुळे मी बेफिकीर माणूस नव्हतो. पट्टा बांधल्याशिवाय मी कधी हात वर केला नाही. कोणी हातमोजे न घालता फ्यूजला हात लावला तर दोन दिवस त्याच्याशी बोलायचो नाही. रिटायर झालो तेव्हा अंगावर एकच खूण होती, डाव्या कोपराखाली भाजल्याची. त्याचा मला अभिमान होता. पडलो तेव्हा रिटायर होऊन चौथा महिना चालू होता.

आमचं घर हायवेपासून आत, एका लहान ले-आउटमध्ये आहे. पुढच्या दोन खोल्यांवर स्लॅब, मागची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यावर टिनपत्रे. पत्र्याचा उतार मागच्या अंगणाकडे येतो आणि त्याच्या काठाला पत्र्याचीच पन्हाळ लावलेली आहे. पावसाचं पाणी पन्हाळीतून कोपऱ्यातल्या पाइपात आणि तिथून नालीत जातं. अंगणात आमचा कडुनिंब, कंपाउंडच्या पलीकडे शेजाऱ्याचं बदामाचं झाड. दोन्ही झाडांचा कचरा पन्हाळीत. ती तुंबली की पाणी काठावरून भिंतीच्या पायात पडतं. आमच्याकडची जमीन काळी. पाणी प्याली की फुगते, सुकली की फाटते आणि वरचं घर दोन्ही वेळेला हलवते. म्हणून पन्हाळ स्वच्छ ठेवणं हे आमच्याकडे टापटिपीचं काम नाही, घर उभं ठेवायचं काम आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, सकाळी ऊन पडलं होतं. आदल्या दिवशीच्या पावसात पन्हाळ भरून वाहिली होती. शेजारी एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठे. आम्ही त्यांना ड्रायव्हरभाऊ म्हणतो. त्यांच्याकडे लाकडी शिडी होती. ती मी सकाळीच मागून आणली. ते आंघोळीला गेले होते. माझी बायको म्हणाली, भाऊजींना येऊ द्या, ते शिडी धरतील. मी म्हणालो, "नऊ फूट आहे. याले धरायले माणूस लागते काय?"

तिनं दोनदा सांगितलं, थांबा. मग ती आत गेली.

पत्रा भिंतीच्या बाहेर हातभर आलेला, त्यामुळे शिडी भिंतीला टेकत नव्हती. मी ती पन्हाळीलाच टेकवली. खाली फरशीवर शेवाळ होतं. शिडीचं वरचं टोक दोरीनं बांधायला दोन मिनिटं लागली असती आणि दोरी तर खिळ्यालाच लटकत होती. अर्धी पन्हाळ साफ झाली. आता खाली उतरून शिडी पुढे सरकवायची, एवढंच. पण कचरा हातभरच लांब होता. मी उजवा हात लांबवला, मूठ भरली, आणि शिडी पन्हाळीच्या काठावरून घसरत निघाली. ती उलटली नाही, नुसती आडवी सरकत गेली आणि मला सोबत घेऊन गेली.

मी धुण्याच्या दगडाच्या कडेवर पाठीनं पडलो. मुठीत चिखल आणि कुजलेली पानं तशीच होती. श्वास परत यायला वेळ लागला. कमरेखाली काहीच दुखत नव्हतं. ते मला चांगलं लक्षण वाटलं.

ड्रायव्हरभाऊ ओल्या अंगानंच कंपाउंडवरून उडी मारून आले. रस्त्यावरचा एक ऑटोवाला त्यांनी थांबवला. एकानं माझ्या काखेत हात घातले, दुसऱ्यानं गुडघ्याखाली, आणि मला उचलून, दुमडून ऑटोत घातलं. माझं डोकं ड्रायव्हरभाऊंच्या मांडीवर होतं. खड्डा आला की ते माझ्या कपाळावर हात दाबून धरायचे आणि ऑटोवाल्याला हळू चालव म्हणायचे, मग लगेच जोरात चालव म्हणायचे.

पांढरकवड्याहून यवतमाळला पाठवलं. तिथल्या एका डॉक्टरनं व्हरांड्यातच माझ्या बायकोला विचारलं की याला आणलं कसं. तिनं सांगितलं. तो म्हणाला, असं उचलायला नको होतं, पाठीला मार असला की सपाट फळीवर घ्यायला पाहिजे, वाकवायला नको. ड्रायव्हरभाऊ तिथंच उभे होते. बायको सांगते, ते भिंतीला धरून हळूहळू खाली बसले.

पुढे नागपूरला ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर राउंडला आले तेव्हा बायको औषधं आणायला खाली गेली होती. त्यांनी मला फोटो दाखवून सांगितलं की पाय परत येणार नाहीत. मी विचारलं, उचलताना झालं का? ते म्हणाले, शपथेवर कोणीच सांगू शकणार नाही, पण मणका ज्या तऱ्हेनं चिरडला आहे ते पाहता हे पडतानाच झालं, उचलण्यानं फरक पडला असेल असं मला वाटत नाही.

बायको वर आली तेव्हा मी तिला पायांचं सांगितलं. दुसरी गोष्ट सांगितली नाही. तेव्हा मला वाटलं, राहून गेली.

घरी आणल्यावर मला मागच्या खोलीत ठेवलं, कारण न्हाणीघर तिथून जवळ. खिडकीला लागून पलंग, त्यावर हवेची गादी, खाली लघवीची पिशवी. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर जखमा होतात. बायको गजराचं घड्याळ लावून कूस बदलायची. ती माझ्या खांद्याइतकीही उंच नाही आणि मी तेव्हा पंचाहत्तर किलोचा होतो. ती आधी माझे पाय एकावर एक ठेवायची, मग गुडघा गादीवर टेकवून मला आपल्याकडे ओढायची. सकाळची घाण साफ करताना ती खिडकीबाहेर पाहायची आणि मी छताकडे. आम्ही त्याबद्दल कधी बोललो नाही. लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती आणि ती एकदाही माझ्यावर चिडली नाही. त्याची मला भीती वाटायची.

मुलगी पुण्याला असते. ती महिनाभर राहिली, रडली, परत गेली. तिची नोकरी होती. दोष नाही.

ड्रायव्हरभाऊ पहिल्या आठवड्यात पपई घेऊन आले. दारातच उभे राहिले, माझ्या पायांकडे पाहिलं, पपई बायकोच्या हातात दिली आणि गेले. मग आलेच नाहीत. बायकोनं सांगितलं, त्यांनी ती शिडी कुऱ्हाडीनं फोडली आणि पाणी तापवायच्या चुलीत घातली. ऐकून मला बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण बरं वाटलं. दिवसभर पडून असलेल्या माणसाला दोष द्यायला कोणीतरी लागतो. स्वतःला किती वेळ शिव्या देणार? मी डोळे मिटून पुन्हा पुन्हा त्या ऑटोत जायचो, काखेतले हात आठवायचो, गुडघ्याखालचे हात आठवायचो. नागपूरच्या डॉक्टरचं वाक्य मला स्वच्छ आठवत होतं. मी ते बाजूला सारून ठेवायचो. तेव्हा कळलं, ते राहून गेलं नव्हतं. मी ते ठेवून घेतलं होतं.

पुढच्या वर्षी आषाढात पन्हाळ पुन्हा तुंबली. मला ती दिसत नव्हती, ऐकू येत होती. पन्हाळ मोकळी असली की कोपऱ्यातल्या पाइपात पाणी घशासारखं आवाज करत उतरतं. तो आवाज बारीक होत होत बंद झाला आणि खिडकीसमोर पाण्याचा पडदा पडायला लागला. चार दिवसांत स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ओल चढली. आठवड्यानं बायको म्हणाली की भिंतीला चीर गेली आहे, बोटाचं नख जाईल एवढी. तिनं एका रंगाऱ्याला सांगितलं. तो उघडीप झाल्यावर येतो म्हणाला. दुसरा एक जण आला, वर पाहून गेला. श्रावण लागला तरी कोणी फिरकलं नाही. सोयाबीनची फवारणी चालू होती, मजूर मिळत नव्हते. चीर वर सरकत होती.

एके दिवशी दुपारी पाऊस थांबला होता. अंगणात काहीतरी ओढल्याचा आवाज आला. मी खिडकीतून पाहिलं. बायकोनं स्वयंपाकघरातलं टेबल बाहेर काढलं होतं. त्यावर तिनं पाण्याचा निळा ड्रम पालथा ठेवला. पदर कमरेला खोचला. मी विचारलं, काय चाललं आहे? तिनं ऐकलं नाही, किंवा ऐकलं. ती टेबलावर चढली, मग ड्रमवर. खिडकीतून मला आता तिच्या फक्त पोटऱ्या आणि पावलं दिसत होती. पावलं ओली होती. ड्रमचं बूड थोडं फुगीर असतं. ती हलली की ड्रम हलत होता आणि टेबलाचा एक पाय फरशीवर टक् टक् वाजत होता.

मी तिला हाक मारली. खाली उतर म्हणालो. वरून चिखल पडला. ती आणखी टाचा उंचावून उभी राहिली.

मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. खिडकीचा गज धरून मी स्वतःला ओढलं असणार. पलंगावरून मी अर्धा खाली आलो आणि मग सगळाच आलो. लघवीची नळी कशात तरी अडकून ओढली गेली. वेदना झाली नाही, पण फरशीवर रक्त दिसलं. पडल्याचा आवाज ऐकून ती उतरली. कशी उतरली ते मी पाहिलं नाही. दारात आली तेव्हा तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत काळे होते.

ती माझ्याजवळ फरशीवर बसली. मला हात लावला नाही, कारण हात घाण होते. मी तिला काय बोललो ते इथं लिहीत नाही. वाईट बोललो. मरायचं आहे का, इथपर्यंत बोललो. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मग हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही पडले तवा मी सांगतलं होतं, थांबा. दोनदा सांगतलं. तुम्ही ऐकलं काय? मंग मी कायले ऐकू?"



"हे घर बसलं तं तुमाले घेऊन मी कुठी जाऊ?" ती म्हणाली. मग उठून हात धुवायला गेली.

मला एकटीनं उचलणं तिला शक्य नव्हतं. ती कंपाउंडजवळ गेली आणि हाक मारली. ड्रायव्हरभाऊ आणि त्यांची बायको आली. दहा-अकरा महिन्यांनी तो माणूस माझ्या खोलीत येत होता. दाराजवळ थांबून त्यांनी माझ्या बायकोला विचारलं, "कसं उचलू, ते सांगा पहिले."

तिनं दवाखान्यात शिकवलेलं सांगितलं. मला कुशीवर वळवून खाली चादर सरकवली. चार कोपरे तीन माणसांनी धरले. पलंगावर ठेवेपर्यंत ड्रायव्हरभाऊंनी श्वास घेतला नाही. ठेवून झाल्यावर ते बाहेर जाऊन टेबलावरचा ड्रम पाहत उभे राहिले. मग त्यांनी तो ड्रम खाली काढला, टेबल आत आणून ठेवलं आणि गेले.

नळी बदलायला दवाखान्यात जावं लागलं, ताप आला, आठ दिवस गेले. त्या आठ दिवसांत मी एकच विचार केला. ही बाई पुन्हा चढणार. मी झोपलो की चढणार. तिला थांबवायचं तर चढायची गरजच संपवली पाहिजे.

आमच्या कामात ट्रान्सफॉर्मरचा वरचा फ्यूज काढायला खांबावर चढत नाहीत. जमिनीवर उभं राहून लांब फायबरच्या रॉडनं काढतात. टोकाला आकडा असतो. मी हजार वेळा तो रॉड हातात धरला होता. माणूस खाली आणि काम वर, ही गोष्ट मला नवी नव्हती. ती घराला लावायची अक्कल मला पाय गेल्यावर आली.

मी बायकोला सांगितलं, ड्रायव्हरभाऊंना बोलाव. ते आले, खुर्चीवर न बसता उभे राहिले. मी काय पाहिजे ते सांगितलं. ते म्हणाले, ॲल्युमिनियमचा पाइप हलका पडेल. मी म्हणालो, ॲल्युमिनियमचं नाव काढू नका, त्यातून करंट उतरतो. छपराजवळ लांब काठी न्यायची ती वाळलेल्या बांबूचीच. मी ज्या सोबत्याला खाली घेतलं होतं त्याच्याबद्दल त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली.

दोन दिवसांनी ते आठ फुटांचा वाळका बांबू घेऊन आले. एक जुनं खुरपं त्यांनी लोहाराकडून काटकोनात वाकवून आणलं होतं. ते बांबूच्या टोकाला बाइंडिंग वायरनं आवळून बांधलं. ही झाली ओढायची काठी. दुसरी पाण्याची. अर्ध्या इंचाचा पीव्हीसी पाइप, वरच्या टोकाला दोन एल्बोचे वाकडे जोड लावून उलटा केला, म्हणजे पाइप वर जाऊन काठावरून पन्हाळीत वाकतो. तोंड थोडं आवळलं, म्हणजे धार लागते. तो दुसऱ्या बांबूला बांधला, नाहीतर पीव्हीसी वाकतो. खालच्या टोकाला बागेची नळी. आमची टाकी स्लॅबवर विटांच्या उंच ओट्यावर आहे, त्यामुळे मोटर न लावताही पाण्याला जोर मिळतो.

पहिल्या दिवशी मला व्हीलचेअरवर अंगणात काढलं. पडल्यापासून मी त्या अंगणात आलो नव्हतो. धुण्याचा दगड तिथंच होता. बायको रोज त्यावर माझ्या चादरी धूत होती. मी त्याच्याकडे पाठ करून बसलो.

आधी मेन स्विच बंद करायला लावला. खांबावरून येणारी वायर आमच्याकडे पुढच्या बाजूला उतरते, पण अंगणातल्या दिव्याची वायर पन्हाळीखालूनच गेली आहे. बायकोनं आपला मोबाइल एका काठीला रबरानं बांधला, व्हिडिओ चालू केला, वर धरून पन्हाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली आणि खाली आणून मला दाखवला. कचरा कुठं आहे ते सगळं दिसलं. पाइपाच्या तोंडाशी बदामाच्या पानांचा गठ्ठा, त्यात निंबोळ्यांच्या बिया उगवलेल्या, बोटबोटभर रोपं. मधल्या भागात एक मेलेली साळुंकी होती.

पहिला प्रयोग वाया गेला. बायको पन्हाळीच्या बरोबर खाली उभी राहिली आणि खुरप्यानं ओढलेला चिखल तिच्या तोंडावर आला. तिनं तोंड धुतलं, डोक्याला ओढणी बांधली, माझा जुना कामाचा चष्मा लावला आणि मग मी सांगितलं तसं दोन हात बाजूला, तिरपी उभी राहिली. खुरपं पन्हाळीत टेकवायचं, दाबायचं नाही, आपल्याकडे ओढायचं. कचरा पाइपाच्या तोंडाकडे ढकलायचा नाही, उलट पाइपाजवळून सुरुवात करून तो मागे घ्यायचा, नाहीतर सगळं जाऊन पाइपातच बसतं. हात भरून आले की काठी खाली ठेवायची. ती थकली की ड्रायव्हरभाऊ काठी घ्यायचे. साळुंकी खाली पडली तेव्हा ती नुसती पिसं होती.

ओला कचरा निघाल्यावर पाण्याची काठी लावली. पन्हाळीच्या वरच्या टोकापासून धार सोडली. काळं पाणी, मग मातकट, मग स्वच्छ. कोपऱ्यातल्या पाइपात आवाज सुरू झाला. बायकोनं एकदा माझ्याकडे पाहिलं. तिच्या चष्म्यावर चिखलाचे थेंब होते, त्यामुळे डोळे दिसले नाहीत. ती चहा ठेवायला आत गेली.

ड्रायव्हरभाऊ नळी गुंडाळत होते. मी त्यांच्याकडे पाहत होतो. वर्षभरात ते बारीक झाले होते. आयुष्यभर एसटी चालवलेला माणूस, पण त्यांची स्कूटर कंपाउंडजवळ ताडपत्रीखाली तशीच उभी होती, चाकं चपटी झालेली. ते मी खिडकीतून रोज पाहत होतो आणि कधी विचार केला नव्हता.

मी म्हणालो, एक सांगायचं आहे. आणि नागपूरच्या डॉक्टरचं वाक्य त्यांना सांगितलं. जसंच्या तसं. शपथेवर सांगता येत नाही, हेसुद्धा.

ते नळी हातात धरून उभे राहिले. "कवा सांगतलं डॉक्टरनं?"

"ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी."

"म्हंजे साल होऊन राह्यलं."

"हो."

त्यांनी नळी खाली ठेवली. त्यांचा चेहरा पाहून मला वाटलं, ते रडतील किंवा मला मारतील. दोन्हीपैकी काहीही चाललं असतं. ते म्हणाले, "एकोणतीस वर्षं गाडी चालवली. माह्या हातून कुत्रं मेलं नाई. तुमाले उचललं त्या दिवसापासून मी चाबीले हात लावला नाई. बायकोले सांगतलं, माह्या हातानं माणूस मोडला."

मी म्हणालो, मला माफ करा. तो शब्द अंगणात फार लहान वाटला.

"तुमाले माहीत होतं," ते म्हणाले. विचारलं नाही, नुसतं म्हणाले. दोन्ही काठ्या भिंतीला आडव्या लावून ठेवल्या, म्हणजे कोणाच्या अंगावर पडू नयेत, आणि फाटकातून गेले. बायको चहा घेऊन बाहेर आली तेव्हा तीन कप होते.

मी तिला सांगितलं तेव्हा तिनं कप खाली ठेवले. माझी खुर्ची ढकलत आत आणली, मला पलंगावर घेतलं, कूस लावली. पुढचे तीन दिवस ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. सगळं वेळेवर केलं. जेवण, अंघोळ, पिशवी, जखमेचं मलम. तिचे हात नेहमीसारखेच होते, जोराचे नाहीत, हळुवारही नाहीत. न बोलणाऱ्या माणसाकडून रोज धुवून घेणं काय असतं ते मला त्या तीन दिवसांत कळलं. चौथ्या दिवशी ती शेजारी जाऊन आली. आल्यावर म्हणाली, "मी त्याईच्या घरी जाऊन पाय धरून आली. तुमच्याच्यानं तं होत नाई."

त्यानंतर आम्ही पुन्हा बोलायला लागलो. पण काहीतरी कमी झालं ते भरून आलं नाही. आधी ती कधी चिडायची नाही, आता चिडते. एका अर्थानं बरंच आहे.

आमची काठी ले-आउटमध्ये हळूहळू माहीत झाली. लोक न्यायला येतात. मी प्रत्येकाला पलंगावरून तेच सांगतो. मेन स्विच बंद करा, खाली सरळ उभे राहू नका, छपरावरून तार गेली असेल तर काठी आणूच नका, आणि पाऊस चालू असताना हौस करू नका. काही जण ऐकतात. एक गृहस्थ काठी घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी मला ते शिडीवर उभे दिसले, त्याच काठीनं वरून ढोसताना. मी खिडकीतून ओरडलो. त्यांनी हात हलवला. पडले नाहीत.

गेल्या हिवाळ्यात पडून राहून पाठीला झालेली माझी जखम हाडापर्यंत गेली आणि मी यवतमाळच्या दवाखान्यात महिनाभर पडून होतो. अवकाळी पाऊस झाल्याचं तिथंच ऐकलं. परत आलो तेव्हा पन्हाळ स्वच्छ होती. बायको म्हणाली, भाऊजींनी केली. तेव्हापासून दर महिन्याला तेच करतात. बाजूच्या फाटकातून येतात, आपल्या हातानं काठ्या घेतात, करून जातात. चहा अंगणातच उभ्यानं पितात. खोलीत येत नाहीत. मी दोनदा निरोप पाठवला. येतो म्हणाले.

स्कूटरला त्यांनी नवे टायर बसवले. ती रस्त्यावर जाताना मी पाहिली आहे. स्वयंपाकघरातली चीर आम्ही सिमेंटनं भरली, ती शेजारून पुन्हा उघडली. आता जास्त वाढत नाही, एवढंच.

परवा ते आले तेव्हा मी जागाच होतो. खिडकीसमोर येऊन, माझ्याकडे न पाहता, पन्हाळीकडे पाहत त्यांनी विचारलं, "पाणी चालू करू काय?"

"मेन स्विच?"

"बंद केला."

"मंग करा," मी म्हणालो.

बायको मोबाइल बांधलेली काठी घेऊन त्यांच्या मागे उभी होती.